कोंडवाडा : १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आणि मराठी मुलखातील शेताची हद्द

प्रस्तावना

खासगी मालमत्तेत परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा केव्हा ठरतो, या प्रश्नाची चर्चा सामान्यतः १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ४४१ व्या कलमापासून सुरू होते. या कलमान्वये दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत नुसते पाऊल टाकणे हा गुन्हा नव्हता. गुन्हा करण्याचा, अथवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा किंवा त्याला त्रास देण्याचा उद्देश सिद्ध व्हावा लागे. तसा उद्देश सिद्ध झाल्यास ४४७ व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फौजदारीपात्र अतिक्रमणाची तरतूद तिच्या ३२९ व्या कलमात आली. उद्देशाची अट तिथेही कायम राहिली. म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून आडवाटेने जाणारा धनगर केवळ त्या जाण्यामुळे गुन्हेगार होत नाही. मात्र त्याच्या मागून येणारी शेळी, जिला कोणताही उद्देश असू शकत नाही, तिने चार कणसे खाल्ली तर तिला पकडून कोंडण्याचा अधिकार शेतकऱ्याला १८७१ च्या पहिल्या कायद्याने दिला होता.

‘कॅटल ट्रेसपास ॲक्ट’ या नावाचा हा कायदा १३ जानेवारी १८७१ पासून अमलात आला. त्यापूर्वी १८५७ चा तिसरा कायदा आणि त्याला पूरक असे १८६० व १८६१ चे कायदे होते. त्या सर्वांची जागा या नव्या कायद्याने घेतली. मुंबई, मद्रास व कलकत्ता ही इलाखा-शहरे वगळून ब्रिटिश अमलाखालील प्रदेशाला तो लागू होता. ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वसामान्य कुटुंबाला खासगी हद्दीचा कायदा प्रत्यक्ष भेटला तो बहुधा याच रूपात. दिवाणी कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसालाही कोंडवाडा ठाऊक होता.

असे असूनही महाराष्ट्राच्या कृषी-इतिहासात कोंडवाड्याला फारसे स्थान मिळालेले नाही. जमीन महसुलाची पद्धती, सावकारी, १८७५ चे दख्खनचे दंगे, १८७६-७८ चा दुष्काळ या विषयांवर विपुल लेखन झाले. आणे-दोन आण्यांच्या दंडाची ही संस्था मात्र किरकोळ समजली गेली. प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, या किरकोळ भासणाऱ्या कायद्याच्या कलमांचे बारकाईने वाचन करून, पिकाचा मालक आणि गुरांचा मालक यांच्यातील जुन्या तंट्याचे स्वरूप त्याने कसे बदलले हे तपासावे. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी केलेल्या या कायद्यात शेतकऱ्याची नुकसानभरपाई कुठे गेली, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे.

पूर्वपरंपरा

पीक आणि पशू यांचा संघर्ष शेतीइतकाच प्राचीन आहे. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे मानली, त्यांत स्वामिपालविवाद, म्हणजे पशूंचा धनी आणि पशूंचा राखणदार यांच्यातील वाद, हे एक स्वतंत्र पद आहे. त्याच ओघात शेतात शिरलेल्या पशूंचा विचार येतो. गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीची आणि नगराभोवती त्याच्या तिप्पट रुंदीची जागा चराईसाठी मोकळी ठेवावी, असे मनू सांगतो. त्या चराईला लागून कोणी कुंपणाविना पीक केले आणि ते पशूंनी खाल्ले, तर राजाने राखणदाराला दंड करू नये. कुंपण कसे असावे याचेही वर्णन आहे : उंटाला वरून दिसू नये इतके उंच, आणि कुत्र्याला वा डुकराला तोंड घालता येणार नाही इतके घट्ट. नुकतीच व्यालेली गाय, वळू आणि देवाच्या नावाने सोडलेले पशू यांना दंडातून सूट होती.

याज्ञवल्क्यस्मृतीतील तरतूद अधिक रेखीव आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या म्हशीबद्दल आठ माष, गाईबद्दल त्याच्या निम्मे आणि शेळी-मेंढीबद्दल त्याच्याही निम्मे, असा दंड तिथे सांगितला आहे. योगायोग म्हणावा किंवा पशूच्या खाण्याच्या आवाक्याचा साधा हिशेब म्हणावा, १८७१ च्या कायद्यातही म्हशीला आठ आणे आणि गाईला चार आणे हेच प्रमाण आढळते. यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. महत्त्वाचा आहे तो दोहोंतील फरक. याज्ञवल्क्यस्मृती दंडाच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगते : जेवढे पीक नष्ट झाले असेल तेवढ्याचे फळ शेताच्या धन्याला मिळाले पाहिजे. राखणदाराला मार, पशूच्या धन्याला दंड आणि शेतकऱ्याला भरपाई अशी ही त्रिविध व्यवस्था होती. मनूच्या नियमांतही पिकाचे मोल शेतकऱ्याला देण्याची अट आहे.

धर्मशास्त्रातील नियम आणि गावातील प्रत्यक्ष व्यवहार एकच होते असे मानण्याचे कारण नाही. राखणदाराला मार आणि धन्याला केवळ दंड, या वाटणीतून त्या नियमांमागची समाजरचना पुरेशी स्पष्ट होते. तरीही मराठी मुलखातील गावगाड्याची भाषा पाहिली की तंटा मिटवण्याची साधने स्थानिक होती असे दिसते. सवयीने पिकात घुसणाऱ्या ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत; त्याला लोढणे म्हणत. संसारातील नको असलेल्या जबाबदारीला आजही मराठी माणूस हाच शब्द वापरतो. गावची गुरे एकत्र हाकून नेणारा गुराखी, पिकाची राखण करणारा जागल्या, हद्दीची खूण दाखवणारा महार आणि तंटा ऐकणारा पाटील ही सारी माणसे गुरांच्या मालकालाही ओळखत आणि शेतकऱ्यालाही.

त्यातच शेत ‘खासगी’ असण्याचा काळ वर्षभराचा नव्हता. पेरणीपासून सुगीपर्यंत शेतावर एकट्या कसणाऱ्याचा हक्क. पीक निघाले, खळे झाले, कडबा घरी गेला की रान मोकळे. मग उरलेल्या धसकटांवर कोणाचीही गुरे चरत. कोकणात भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची रीत याच जातीची. तिथे बागायतीभोवती चिरेबंदी किंवा दगडी गडगे असत, भातखाचरांना नसत. देशावर तर धनगरांचे कळप शेतात बसवून घेण्यासाठी शेतकरी त्यांना धान्य देत असे, कारण मेंढ्यांचे लेंडीखत जमिनीला हवे असे. म्हणजे एकाच शेतात तोच कळप श्रावणात चोर आणि माघात पाहुणा. धनगरांच्या परंपरांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या गुंथर सोंथायमर यांच्या लेखनातून मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यातील या देवघेवीची जी जाण होते, ती ध्यानात न घेता खासगी हद्दीचा विचार केला तर तो अपुरा राहतो. हक्काला ऋतू होता. १८७१ च्या कायद्यात ऋतू नाही.

हद्दीचे दगड

हा कायदा येण्यापूर्वीच जमिनीचे रूप पालटले होते. इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेली पैमाशी, १८४७ चा संयुक्त अहवाल आणि १८६५ चा मुंबईचा पैमाशी कायदा या क्रमाने दख्खनची जमीन सर्व्हे नंबरांत विभागली गेली. प्रत्येक नंबराला हद्दीचे दगड, प्रत्येक नंबरावर स्वतंत्र आकार आणि तो भरणारा एक खातेदार. जिराईत रानात कुंपण घालण्याची ऐपतही नव्हती आणि प्रथाही नव्हती. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचे कुंपण दिसे ते प्रामुख्याने मळ्याला. उघड्या रानात हद्द होती ती दगडांनी आणि बांधांनी दाखवलेली. माणसाला ती वाचता येई. गुराला बांधावरचे गवत तेवढे दिसे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि लागवडीखालील क्षेत्र वाढले. पडीक म्हणून चराईला मोकळी असलेली जमीन नांगराखाली जाऊ लागली. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने ३८ व ३९ या कलमांत गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची सोय केली. पण तिच्यावर चरण्याचा हक्क त्या त्या गावच्या गुरांपुरता मर्यादित केला. गावकऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद रास्त होती. गावोगाव फिरणाऱ्या मेंढपाळाला मात्र कोणतेच गाव आपले म्हणता येत नव्हते. गायरान गावाचे, शेत खातेदाराचे, डोंगर सरकारचे. मग कळपाने चरावे कुठे, याचे उत्तर या संहितेत शोधून सापडत नाही.

कायद्याची रचना

१८७१ च्या कायद्याची व्याप्ती त्याच्या व्याख्येपासूनच लक्षात येते. ‘कॅटल’ या शब्दात हत्ती, उंट, म्हैस, घोडा, शिंगरू, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी, करडू असे सगळे पशू घातलेले आहेत. जिल्हा मॅजिस्ट्रेटने वेळोवेळी ठरवील त्या ठिकाणी कोंडवाडे उघडावेत, कोणत्या गावाने कोणता कोंडवाडा वापरावा हे त्यानेच ठरवावे, गुरांना चारापाणी देण्याचे दरही त्यानेच ठरवावेत, अशी योजना होती. प्रत्येक कोंडवाड्यावर एक रखवालदार. त्याने गुरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव व राहण्याचे ठिकाण आणि ठाऊक असल्यास मालकाचे नाव नोंदवहीत लिहावे आणि त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यावी. जो तंटा पूर्वी चावडीवर बोलून मिटत असे, त्याला नोंदवही आली.

कायद्याचे मर्म दहाव्या कलमात आहे. गुरे पकडण्याचा अधिकार कोणाला? जमीन कसणाऱ्याला किंवा तिच्या ताबेदाराला, हे अपेक्षितच आहे. परंतु यादी तिथे संपत नाही. पिकाच्या लागवडीसाठी ज्याने रोकड आगाऊ दिली असेल त्याला, तसेच ते पीक ज्याने विकत घेतले असेल किंवा गहाण घेतले असेल त्यालाही गुरे पकडण्याचा किंवा पकडवण्याचा अधिकार दिलेला आहे. दख्खनच्या संदर्भात याचा अर्थ उघड आहे. उभ्या पिकावर कर्ज देणारा सावकार कायद्याच्या दृष्टीने त्या पिकाचा राखणदार झाला. दख्खनमधील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले ते १८७५ साली. त्याआधी चार वर्षे सरकारने सावकाराचा हितसंबंध उभ्या पिकात इतका खोलवर मान्य केला होता, ही गोष्ट दंग्यांच्या कारणमीमांसेत सहसा येत नाही. हे कलम दंग्यांचे कारण होते असे मुळीच म्हणता येणार नाही. मात्र सरकारच्या नजरेत शेतातील पीक नेमके कोणाचे होते, याचा तो स्वच्छ पुरावा आहे. पिकात राबणाऱ्या सालगड्याला या यादीत स्वतंत्र स्थान नाही, हेही लक्षात घ्यावे.

पकडलेली गुरे चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवणे बंधनकारक होते. पकडण्यास विरोध होऊ नये आणि गुरे सोडवून नेली जाऊ नयेत यासाठी, मागणी झाल्यास, पोलिसांनी मदत करायची होती. गुरे पकडण्यास बळाने विरोध करणाऱ्याला किंवा ती सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा २४ व्या कलमात आहे. दंड संहितेतील साध्या फौजदारीपात्र अतिक्रमणाची कैद तीन महिन्यांची होती हे वर आलेच आहे. दुसऱ्याच्या आवारात वाईट हेतूने शिरण्यापेक्षा स्वतःचीच शेळी बळाने सोडवून नेणे कैदेच्या दृष्टीने दुप्पट महाग पडू शकत होते.

बाराव्या कलमातील दंडाचे दर असे : हत्तीला दोन रुपये, उंट व म्हैस यांना आठ आणे, घोडा, खेचर, बैल, गाय यांना चार आणे, वासरू, गाढव व डुक्कर यांना दोन आणे, शेळी, मेंढी, करडू यांना एक आणा. याखेरीज दररोजची खुराकी वेगळी. दंड व खुराकी भरल्यावाचून गुरे सुटत नसत. मालक आला नाही तर गावात आणि जवळच्या बाजाराच्या ठिकाणी दवंडी पिटायची, आणि सूचनेपासून सात दिवसांत कोणी हक्क सांगितला नाही तर जाहीर लिलाव करायचा. लिलावात कोंडवाड्याच्या रखवालदाराने किंवा संबंधित अंमलदाराने गुरे विकत घेऊ नयेत, असे १९ व्या कलमात मुद्दाम बजावले आहे. कायदे करणाऱ्यांना आपल्या माणसांची चांगली ओळख होती, असे म्हणावे लागते.

ही रक्कम जाई कुठे? दंड मॅजिस्ट्रेटकडे जमा होई. लिलावातून दंड व खर्च वजा जाता उरलेले पैसे मालकाने तीन महिन्यांत मागितले नाहीत तर तेही सरकारजमा. मूळ कायद्यातील १८ व्या कलमानुसार या रकमेतून रखवालदारांचे पगार आणि कोंडवाड्यांची बांधकामे व दुरुस्ती भागवायची, आणि उरेल ते रस्ते, पूल व लोकोपयोगी कामांना लावायचे. ज्याची ज्वारी खाल्ली गेली त्या शेतकऱ्याचे नाव या वाटणीत नाही. त्याच्यासाठी २९ वे कलम आहे, आणि ते एवढेच सांगते की भरपाईसाठी योग्य न्यायालयात दावा करण्याचा त्याचा हक्क या कायद्याने हिरावला जात नाही. दोन पायल्या ज्वारीसाठी तालुक्याच्या कोर्टात दावा लावणे, मुद्रांक-वकील-साक्षीदारांचा खर्च करणे आणि तारखांना हेलपाटे घालणे कोणत्या शेतकऱ्याला परवडणार होते?

या ठिकाणी इंग्लंडमधील मूळ प्रथेशी तुलना उद्बोधक ठरते. तिथल्या जुन्या रूढ कायद्यात नुकसान करणारे जनावर जमिनीचा मालक जागेवरच अडकवून ठेवू शके, आणि जनावराच्या धन्याने भरपाई दिल्याशिवाय ते सोडत नसे. अडकवलेले जनावर हे भरपाईचे तारण होते. कोंडवाडा, रखवालदार, सोडवून नेण्यास शिक्षा ही सारी अवजारे हिंदुस्थानात आणली गेली. मधले तारण मात्र गळून पडले आणि त्याच्या जागी सरकारी दंड आला. याज्ञवल्क्यस्मृतीत दंड आणि भरपाई दोन्ही होती, इंग्लंडच्या रूढीत भरपाई होती, १८७१ च्या कायद्याने बाराव्या कलमापुरता दंड ठेवला आणि भरपाई दिवाणी कोर्टाच्या दारात नेऊन सोडली. शेतकरी आणि गुरांचा मालक यांच्यातील तंटा या रीतीने गुरांचा मालक आणि सरकार यांच्यातील व्यवहार झाला. शेतकऱ्याच्या वाट्याला उरले ते गुरे हाकत कोंडवाड्यापर्यंत नेण्याचे काम, आणि शेजाऱ्याशी आलेले वैर.

याला एक छोटा अपवाद होता आणि तो डुकरांचा. डुकरांना मोकाट सोडून पिकाची नासाडी होऊ देणाऱ्याला २६ व्या कलमाखाली दहा रुपयांपर्यंत दंड होई, आणि २८ व्या कलमानुसार तो दंड पूर्णतः वा अंशतः नुकसान झालेल्याला देता येई. स्थानिक सरकारला अधिसूचना काढून एखाद्या भागापुरते हेच कलम सर्व गुरांना लागू करण्याचा आणि दंडाची मर्यादा पन्नास रुपयांपर्यंत नेण्याचा अधिकार पुढे देण्यात आला. अतिक्रमणाचा कायदा ‘स्थानिक’ होई तो या वाटेने : एका भागात तोच गुन्हा, शेजारच्या भागात तो निव्वळ कोंडवाड्याचा विषय. मात्र मुळात ज्या मालकाला जातीने गुन्हेगार ठरवले तो डुकरे पाळणारा होता. महाराष्ट्रात कैकाडी, वडार यांसारख्या समाजांशी हा व्यवसाय निगडित होता, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

बेकायदा पकडलेल्या गुरांबद्दल मालकाला दाद मागता येई, हे कायद्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पकडल्यापासून दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी. ती खरी ठरल्यास शंभर रुपयांपर्यंत भरपाई आणि भरलेला दंड व खर्च परत. कागदावर ही तरतूद उदार आहे. पण तोवर गुरे सोडवायची तर रक्कम अनामत ठेवावी लागे, नाहीतर खुराकी चढत राही. शेळीच्या मालकाला एक आण्याचा दंड भरून गप्प बसणे शहाणपणाचे वाटले असल्यास नवल नाही. आणि या सर्व योजनेत कुंपणाचा उल्लेखही नाही. मनूने कुंपण न घालणाऱ्या शेतकऱ्याला काही जबाबदारी दिली होती. १८७१ च्या कायद्याने सारी जबाबदारी पशुपालकाकडे दिली.

शेळीचा दर

हा कायदा खासगी शेतापुरता राहिला असता तर त्याचा भार कदाचित सोसण्याजोगा झाला असता. १८७८ च्या वन कायद्याने तो डोंगरावर नेला. राखीव वनात किंवा चराईला बंद केलेल्या संरक्षित वनात शिरलेली गुरे ही सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारी गुरे समजावीत आणि वन किंवा पोलीस अंमलदारांनी ती पकडून कोंडवाड्यात घालावीत, अशी जोडणी झाली. खासगी मालमत्तेच्या रक्षणासाठी घडवलेले अवजार सरकारने स्वतःच्या मालमत्तेसाठी वापरले. वनासाठी दंडाचे चढे दर ठरवण्याची मुभाही सरकारने स्वतःला घेतली.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ७१ व्या कलमात या चढ्या दरांची कमाल मर्यादा दिली आहे : हत्तीला दहा रुपये, म्हैस व उंट यांना दोन रुपये, गाय-बैल-घोड्यांना एक रुपया, आणि वासरू, गाढव, डुक्कर, शेळी, मेंढी यांना सरसकट आठ आणे. १८७१ च्या दरांशी हे ताडून पाहावे. हत्तीचा दंड पाचपट झाला. म्हैस, गाय आणि वासरू यांचा चौपट. आणि शेळी-मेंढीचा आठपट. कोवळे शेंडे खुडणारी शेळी वनाला जास्त घातक, असे समर्थन वनखात्याकडे होतेच, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते निराधारही नाही. परंतु शेळी ही भूमिहीनाची आणि अल्पभूधारकाची गाय होती. दराची सर्वांत मोठी उडी तिच्या खात्यावर पडली.

या बदलाची नोंद मराठीत सर्वांत आधी आणि सर्वांत कडक शब्दांत घेतली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दाखवून दिले की ज्यांच्यापाशी शेत थोडे, ते पूर्वी डोंगरातील फळे, पाने, फुले आणि लाकूडफाटा विकून व चार शेळ्या पाळून निभाव लावीत. वनखात्याने डोंगर आणि कुरणे आपल्याकडे घेतली तेव्हा हा आधारच तुटला. फुल्यांच्या या मांडणीत शेळी हे गरिबाच्या अर्थव्यवस्थेचे माप आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला, हेही इथे नोंदवले पाहिजे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्रे महसूल खात्यातील अनुभवी गृहस्थ. फिरस्त्या लोकांच्या जनावरांपासून कुणब्याच्या पिकाला होणारा उपद्रव त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहिला. रात्री पिकात गुरे घातली गेली तर कुणब्याने करावे काय, हा त्यांच्या लेखनामागचा प्रश्न खराच आहे. फुले आणि आत्रे यांना परस्परांच्या विरोधी पक्षांत बसवण्याचा मोह टाळावा. एकाला डोंगर बंद झालेला दिसला, दुसऱ्याला डोंगर बंद झाल्यावर शेताकडे वळलेली गुरे दिसली. दोघांच्या लेखनामध्ये तीस-बत्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात दोन मोठे दुष्काळ, १८९६-९७ आणि १८९९-१९००, येऊन गेले होते. दुष्काळात चारा नाही, जनावराला किंमत नाही आणि खुराकी मात्र दिवसागणिक चढते, अशा स्थितीत सात दिवसांची मुदत किती निष्ठुर होती हे कलमाच्या शब्दांवरूनच ताडता येते.

नंतरचा काळ

१८९१ च्या दुरुस्तीने कोंडवाड्यांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. पुढे लोकल बोर्डे आणि ग्रामपंचायती या कामात आल्या आणि दंडाचे पैसे गावाजवळ आले. कोंडवाडा हे गावाच्या उत्पन्नाचे एक लहानसे साधन झाले. त्यामुळे शेतकऱ्याच्या भरपाईचा प्रश्न सुटला नाही. फक्त दंड घेणारा बदलला. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, रस्त्यावर गुरे मोकाट सोडणे किंवा त्यांना खासगी वा सार्वजनिक मालमत्तेत शिरू देणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा म्हणून ११८ व्या कलमात आला. डुकरांच्या धन्यापुरती असलेली वैयक्तिक जबाबदारी अशा रीतीने सर्वच गुरांच्या धन्यांवर आली.

ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, शाळेमुळे गुराखी पोरे कमी झाली, आणि अनेक गावांतील कोंडवाडे ओस पडले. शब्द मात्र टिकला. खच्चून भरलेल्या वर्गाला किंवा एस.टी.च्या गाडीला मराठी माणूस सहज कोंडवाडा म्हणतो, आणि त्या म्हणण्यात दंडाची आठवणही उरलेली नसते. दया पवार यांनी १९७४ मध्ये आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिले तेव्हा त्यात ती आठवण पुरती जागी होती : कोंडलेला प्राणी, बाहेरचा रखवालदार आणि न केलेल्या गुन्ह्याची किंमत.

इंग्लंडमध्ये जनावर अडकवून ठेवण्याची ती जुनी रूढी १९७१ च्या प्राण्यांविषयक कायद्याने रद्द झाली, म्हणजे हिंदुस्थानातील कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तिच्या जागी आलेल्या तरतुदीनुसार, दुसऱ्याच्या जमिनीत शिरलेल्या गुरांनी केलेल्या नुकसानीबद्दल त्यांचा मालक जमिनीच्या धन्याला थेट उत्तरदायी ठरला. गुरे अडवून ठेवण्याची आणि चौदा दिवसांनंतर विकण्याची मुभा राहिली, परंतु विक्रीतून आधी नुकसान व खर्च वळते करून घ्यायचा आणि उरलेली रक्कम गुरांच्या मालकाला परत द्यायची. सरकारी तिजोरी या हिशेबात कुठेच येत नाही.